सहावा अँगल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण आमचा व्हिडिओ एडिटर कुराता माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि तो पहिला फोन मीच उचलला होता. तेव्हा खरं की खोटं, हे मला कुणी शिकवू नये.

नागोया. मार्च महिना. दुपारचे चार.

'आमेदामा' हा सहा मुलींचा ग्रुप. नाच, गाणी, रंगीत रिबिनी, सगळं. त्यांच्या सगळ्या व्हिडिओंची मिळून आमच्या कंपनीनं एक डीव्हीडी काढली होती. तिच्यात एक गंमत होती. शूटिंगला प्रत्येक मुलीवर वेगळा कॅमेरा असायचा. रिमोटवरचं अँगलचं बटण दाबत जायचं, की आपल्या लाडकीचा कॅमेरा लागतो आणि अख्खं गाणंभर तीच दिसते.

सहा मुली, सहा अँगल.

डीव्हीडीत मात्र पाचच होते...

सहावी कोहारू. एका मुलाबरोबर नूडल्स खाताना कुणीतरी तिचा फोटो काढला. झालं! आमच्या या मेल्या धंद्यात पोरींनी प्रेम करायचं नसतं. चाहत्यांनी थयथयाट केला, कंपनीनं तिला काढून टाकलं. वर हुकूम आला, जुन्या व्हिडिओंतूनही पुसा.

पुसलं कुरातानं. सहावा अँगल उडवला. मग उरलेल्या चित्रांतून तिला एकेक फ्रेम करून खोडत बसला.

तिची आई तेव्हा फोनवर रडली होती. "एक तरी गाणं राहू द्या हो."

"माझ्या हातात काही नाही, आई," कुराता म्हणाला होता.

तसं अगदीच काही नव्हतं असं नाही. एका गाण्यात मागच्या आरशात कोहारूचा हात दिसायचा. नुसता हात, मनगटाला निळी रिबीन. दोन सेकंद. तो त्यानं मुद्दाम ठेवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अकरा दिवस तो हात तिथं होता.

बाराव्या दिवशी कुराताच घाबरला. साहेबांनी पाहिलं तर? नोकरी जायची. आणि त्यानं हात पुसला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कळलंही नाही. मलासुद्धा त्यानं हे खूप नंतर सांगितलं.

त्याच आठवड्यात कोहारू गेली. एकवीस वर्षांची पोर, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

फेब्रुवारीत डीव्हीडी बाजारात आली. आणि मार्चात तो फोन...

"मी मिनोवा, ताजिमीहून. कोहारूची आई. कुराता साहेबांना द्या ना. आभार मानायचेत."

मी फोन त्याच्याकडे दिला.

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही सहाव्या अँगलला माझ्या पोरीला ठेवलंत."



फोन ठेवून कुरातानं डीव्हीडी लावली. मी मागे उभा होतो. एक, दोन, तीन, चार, पाच... एक.

सहावा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी, चारलाच. "आज तिनं बुटाची नाडी बांधली. लहानपणापासून तस्सीच, दोन गाठी."

तिसऱ्या दिवशी. "आज मोजतेय. ऐका हं."

बाईंनी फोन टीव्हीजवळ धरला. कुरातानं आमच्याकडचा स्पीकर चालू केला.

गाणं नव्हतं. लाकडी फरशीवर पावलं. आणि धाप लागलेला आवाज...

"एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार."

कोहारूच होती. तालमीत ती अशीच मोजायची. पण हा आवाज आम्ही त्या डीव्हीडीत घातलेला नव्हता.

आमचे वरिष्ठ तोगाशी साहेब चहाचा कप घेऊन आले. "काय रे, भूत बघितल्यासारखे काय बसलात? त्या बाईशी दोन शब्द गोड बोला आणि ठेवा फोन. कामं पडलीत."

रविवारी कुराता मिठाईचा खोका घेऊन ताजिमीला गेला. तिथलं सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं.

छोटं घर. भिंतीशी देव्हारा, त्यात कोहारूचा फोटो. बाई टाइल्सच्या कारखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, बोटांवर पांढरी भुकटी तशीच. त्यांनी त्याला बार्लीचा थंड चहा दिला आणि रिमोट त्याच्याच हातात ठेवला.

एक. दोन. तीन. चार. पाच...

सहा.

तालमीची खोली. रिकामी. नुसती फरशी. पण कॅमेरा हलत होता. डावीकडे, उजवीकडे... कुणाच्या तरी मागे.

"बघा, कशी घामाघूम झालीये," बाई हसत म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, मध्ये पाणी पीत जा गं. ऐकेल तर शपथ!"

कुराताला कुणीच दिसत नव्हतं. फक्त पावलं ऐकू येत होती. आणि मोजणं.

मग मागच्या आरशात... हात आला. निळी रिबीन.

त्यानं स्वतः पुसलेला हात.

बाई त्या हाताकडे बघत हळूच म्हणाल्या, "शेवटच्या रात्री तिचा फोन आला होता. म्हणाली, आई, आज माझा हातपण गेला गं. मला वाटलं, कामाचं काहीतरी बोलतेय. मी म्हटलं, झोप आता."

कुरातानं कप खाली ठेवला.

"परवापासून ती मोजता मोजता थांबते आणि विचारते, आई, तो हात कुणी काढला? अकरा दिवस ठेवला होता, मग का काढला? मी काय सांगू? तुम्हाला माहितीये का हो, साहेब?"

टीव्हीतली पावलं थांबली होती. हातही थांबला होता. कुणीतरी ऐकत होतं...

एवढंच तर विचारत होती ती पोर. 'मी काढला, घाबरलो, चुकलो.' चार शब्दांचं काम.

कुराता म्हणाला, "नाही, आई. मला काही माहीत नाही."

"एक... दोन... तीन..."

चार आलंच नाही.

पडदा आपोआप पहिल्या अँगलवर गेला. पाच पोरी हसत नाचत होत्या.

बाईंनी रिमोट हिसकावून घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच. एक. पुन्हा. पुन्हा. बोटं थांबेचनात.

"गेली," त्या म्हणाल्या. मग कुराताकडे वळल्या. "तुम्ही काय केलंत हो? दिसत होती ना मला! रोज दिसत होती!"

तो चपला हातात घेऊनच बाहेर पडला.

नोकरी त्यानं महिन्याभरात सोडली. जिच्यासाठी खोटं बोलला, तीच.

हे सगळं का झालं, ते मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक आहे की फोन अजून येतो. रोज, बरोबर चारला. आता मीच उचलतो.

"मी मिनोवा, ताजिमीहून. सहावा अँगल अजून लागत नाहीये हो. दुरुस्त होईल ना?"

खरं काय ते मला माहीत आहे. रोज ठरवतो, आज सांगून टाकायचं.

आणि रोज म्हणतो, "बघतो, आई. कळवतो."

 पण फोन ठेवण्याआधी मागून कुणीतरी मोजत असतं...

तीनपर्यंतच.