कोऱ्या डिस्कवरचे बेडूक

“ही डिस्क कोरी आहे,” भिंगरी म्हणाली.

“झालं हिचं सुरू,” तिचा आतेभाऊ चष्मिस म्हणाला. “वर एवढं ठळक लिहिलंय, ‘बेडकांचे आवाज’. वाचता येतं ना?”

“वरचं सोड, खालची बाजू बघ. लिहिलेल्या डिस्कवर मधल्या भोकापासून बाहेर गडद पट्टा दिसतो. सहलीचे फोटो डिस्कवर मीच भरले होते. इथे पट्टाबिट्टा काही नाही.”

चष्मिसने डिस्क उजेडात फिरवली आणि त्याचा चेहराच उतरला. ते आवाज त्याच्या आईने, म्हणजे भिंगरीच्या आत्याने, एका तळ्याकाठी पहाटे पहाटे जाऊन टिपले होते. ते तळं आता बुजवून टाकलं होतं. पुन्हा टिपायला बेडूक आणायचे कुठून? आत्या बाहेरगावी होती, फोन लागत नव्हता, आणि मूळ आवाज ज्यांत होते ते तिच्या संशोधन केंद्रातले जुने संगणक आजच पुसून विकायचे होते.

डिस्क जिथून आणली त्या केंद्राकडे तिघं तसेच मागे फिरले. तिसरा म्हणजे बोका, भिंगरीचा धाकटा भाऊ.

“कोरी?” डिस्क देणाऱ्या हेडक्लार्क काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “मी स्वतः सगळ्या फाइली ओढून डिस्कवर टाकल्या. ह्या डोळ्यांनी पाहिल्या. खेळायला जा बघू.” आणि ते मीटिंगला निघून गेले.

“नुसत्या ओढल्या,” भिंगरी पुटपुटली. ओढल्यावर फाइली फक्त रांगेत उभ्या राहतात, ‘लिहा’ म्हटल्याशिवाय डिस्कवर जात नाहीत. पहिल्यांदा तिनेही तेच केलं होतं.

आत्याच्या खोलीतला संगणक अजून चालू होता, पण शेजारच्या खोलीतून संगणक पुसणाऱ्या मेकॅनिकचा आवाज येत होता. “हा झाला. आता पलीकडचा शेवटचा.”

“बोक्या, त्यांना बोलण्यात गुंतव,” भिंगरी म्हणाली. बोक्याला एवढंच हवं होतं.

“काका, संगणक पुसतात म्हणजे फडक्याने पुसतात का?” पलीकडून ऐकू आलं.

भिंगरीने तीच कोरी डिस्क आत सरकवली. पडद्यावर फाइली दिसल्या, फिकट फिकट, अजून रांगेतच. घरच्या संगणकावर ‘लिहा’चं बटण डावीकडे असायचं. इथे डावीकडे काहीच नव्हतं.

“उगाच कुठेही दाबू नकोस,” चष्मिस कुजबुजला. “आहे ते पण जाईल.”

“मग तू ये.”

त्याने हात मागे घेतले. ती एकेक मेनू उघडून वाचत गेली. वरच्या पहिल्याच मेनूत, अगदी तळाशी, ते सापडलं. तिने ते दाबलं. डिस्क घरघरू लागली आणि हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली.

“पुरे झाले तुझे प्रश्न, बाळा,” म्हणत मेकॅनिक दारात आलाच. मागे बोका हताश उभा. मेकॅनिकचा हात सरळ भिंतीवरच्या बटणाकडे गेला. भिंगरीने त्या बटणावर आपला पंजा ठेवला.

“काका, आता बंद केलंत तर डिस्क वाया जाईल. दुसरी नाहीये. आणि ह्या फाइली दुसरीकडे कुठेच नाहीत.” तिचा आवाज रडवेला झाला होता, पण हात हलला नाही.

मेकॅनिकने पडद्याकडे पाहिलं. “मला तर सगळं उतरवलंय म्हणून सांगितलं.” त्याने खुर्ची ओढली. “होऊ दे तुमचं.”

चौघंही पट्टीकडे बघत बसले. मध्येच ती थांबली, आणि चष्मिसने भिंगरीचा दंड घट्ट धरला. मग ती पुढे सरकली आणि डिस्क बाहेर आली. खालच्या बाजूला गडद पट्टा होता.

“आधी वाजवून बघू, मग पुसा,” भिंगरी म्हणाली.

डराँव, डराँव! आवाज एवढा मोठा होता की हेडक्लार्क काका मीटिंग सोडून धावत आले. डिस्क, मुलं, पडदा असं बघत त्यांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी आत्या परतल्यावर काकांनीच तिला सगळं सांगितलं. “चूक माझी. पोरगी नसती तर तुमचं तळं माझ्या हातून पुन्हा बुजलं असतं.”

आत्याने एकेक फाइल शेवटपर्यंत ऐकली आणि डोळे पुसून तिघांना जवळ ओढलं. “उद्या दुसऱ्या तळ्यावर जायचंय,” ती म्हणाली. “आवाज टिपायचं यंत्र भिंगरीच्या गळ्यात. आणि बोक्या, तिथे तेवढं तोंड बंद.”