गाळाखालून आलेला आवाज

घाटनांदूरच्या पलीकडच्या तलावात गाळ किती साचलाय, ते मोजायचं काम धनश्रीकडं आलं होतं. तिचं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं. मऊ गाळातून तो खाली शिरायचा, कठीण काही लागलं की आपटून माघारी यायचा. यायला जितका उशीर, तितकी ती वस्तू खोल.

हे काम पूर्वी ती आणि तिचा नवरा आदिनाथ मिळून करायचे. पण वर्षापूर्वी तो तिला टाकून गेला. “दुसऱ्या बाईसंगं गेला. मांजरसुंब्याला गाडीत बसताना मीच पाह्यलं,” असं तिच्या सख्ख्या भावानं, परमेश्वरनं सांगितलं. तिनं गळ्यातलं काढून ठेवलं.

आज होडी परमेश्वरच चालवत होता.

ऊन कललं. वारा सुटला आणि होडी आपसूक बुडालेल्या बाभळींकडं सरकू लागली. कुजक्या शेवाळाचा वास नाकात बसला.

“तिकडं नगं, धना. खाली खोडं हायत.”

“मग तर बघायलाच पायजे, दादा.”

पडद्यावर, गाळाच्या पार तळाशी, काहीतरी कठीण उमटलं. माणसाएवढं.

तिनं पुन्हा आवाज सोडला. तो मघापेक्षा लवकर परतला. होडी उथळावर आली असेल, म्हणून तिनं खोली मोजायची, टोकाला शिसं बांधलेली दोरी सोडून पाहिली. पाणी तितकंच खोल होतं. पुन्हा आवाज सोडला... आणखी लवकर आला.

“दादा... खालून काहीतरी वर येतंय.”

परमेश्वरच्या हातातलं वल्हं गळून पाण्यात पडलं. पाण्याकडं बघत तो पुटपुटला, “तू माझ्या चोरट्या वाळूच्या गाड्यांची तक्रार करणार व्हतास, आदिनाथ... माझा इलाज न्हवता रं...”

धनश्रीनं आदिनाथचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

“तू तर त्याला गाडीत बसताना पाह्यलं होतंस ना, दादा?”

वर्षभर तिनं शिव्याशाप दिले ते खाली निजलेल्याला, आणि रडली ती या समोरच्याच्या खांद्यावर.

तेवढ्यात होडीच्या बुडाला काहीतरी खरवडू लागलं. खर्र... खर्र... तिनं यंत्र बंद केलं. खरवड थांबली नाही. उरलेलं वल्हं मारत तिनं होडी कशीबशी काठाला लावली. परमेश्वर तसाच बसून होता. पोलिसांना त्यानं न विचारताच सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी आदिनाथला वर काढलं. तो जागचा हललेला नव्हता. दगडाला बांधलेला, अंगावर पुरुषभर गाळ, थरावर थर, कुठं उकरल्याची खूण नाही.

फक्त त्याच्या नखांत निळा रंग भरला होता. होडीला निळा रंग दिला होता गेल्याच आठवड्यात.