ओळ देणारा

सुतारकाका चर्चचं दार उघडायला निघाले तेव्हा चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. भुताचीसुद्धा सावली पडेल असं. वारसा खात्याच्या बाई यायच्या होत्या. इमारत जपायची की पाडायची, ते त्या ठरवणार.

गावातली प्रेस्बिटेरियन पंथाची मंडळी आता काकांपुरतीच उरली होती. बाकीचे काही शहरात, काही मातीत. आणि इमारत म्हणाल तर नुसता दगडी डबा! ना मूर्ती, ना रंगीत काच. बाईंनी नाक मुरडलं.

"काका, यात जपण्यासारखं काय आहे हो?"

"गाणं आहे. इथं बाजा कधी वाजला नाही. एकानं पुढे उभं राहून स्तोत्राची ओळ द्यायची, मंडळींनी ती मागून म्हणायची. वाचता न येणाऱ्यांसाठी पडलेली रीत. पुढे सगळे शिकले, शहाणे झाले, तरी सोडली नाही. ओळ मी द्यायचो."

"म्हणजे तुम्ही गायक!"

"कसला गायक! आमची ही पहिल्या बाकावरून डोळे वटारायची. घरी गेलं की, 'अहो, गात होतात की करवत चालवत होतात?'"

काका हसले, आणि मग ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. ही गेल्या हिवाळ्यात गेली होती. घरात तिची भांडी होती, लुगडी होती. आवाज तेवढा इथे होता. भिंती पडल्या तर तोही जाणार.

"एक ओळ म्हणा की," बाई म्हणाल्या.

काकांनी घसा खाकरून ओळ दिली आणि सवयीनं थांबले.

रिकाम्या बाकांवरून ओळ परत आली... संथ, जड, पावसातून आलेल्या माणसांच्या ओल्या कपड्यांचा वास घेऊन. काकांचा सूर चढा लागला होता. परत आलेला सूर उतरवून, नीट करून घेतलेला होता. त्यात पहिल्या बाकावरचा एक बारीक आवाज शेवटच्या अक्षरावर रेंगाळला.

"घुमतं... छान," बाई म्हणाल्या. हातातली मोजपट्टी मात्र त्यांना गुंडाळता येईना.

काकांनी पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं.

"पुरे, काका. चला... बाहेर चला."

इमारत वाचली. पितळी पाटी लागली, नवं कुलूप लागलं, किल्ली कचेरीत गेली. माणसं आत शिरली की वारसा झिजतो म्हणे! काका कचेरीत गेले. "साहेब, एक ओळ द्यायची राहिलीय. सगळे खोळंबलेत." साहेबांनी त्यांना पाणी पाजून घरी धाडलं.

दिवेलागणीला काकांनी चर्चच्या दाराला कान लावला. आत शांतता होती, पण भरलेली... माणसं बसून वाट पाहतात तशी.

ओळ द्यावी म्हणून ते किल्लीच्या भोकाशी वाकले. तेवढ्यात आतूनच कुणीतरी ती दिली. करवतीसारखा, चढा आवाज. मंडळींनी ती उचलली. तो बारीक आवाजही त्यात होता, आणि किती खुशीत!

काकांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं.

त्यांच्याच आवाजातली हाक ऐकू आली. आतून.