खालचा बाण

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं म्हणतात. ही मात्र भर दुपारची. खिडकीत ऊन होतं आणि खालच्या गल्लीत कुणीतरी भांडत होतं.

ताईचा धाकटा भाऊ शिडीवरून डोक्यावर पडला, त्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस तो डोळे मिटून पडला होता आणि ताई उशाशी बसून बोलून बोलून थकली होती. आईवडिलांमागे तिला तो एकच. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचे आवाज कानावर पडू द्या. काय सांगावं, एखादा पोचेलही." मग ताईने शिवणाचं दुकान बंद ठेवलं, माळ्यावरून त्याचा जुना गेम काढला, धूळ पुसून पिशवीत घातला आणि दवाखान्यात आणला. सिस्टरने तो खोलीतल्या टीव्हीला जोडून दिला.

ताईने असला खेळ जन्मात हातात धरला नव्हता. धाकट्याने शंभरदा आग्रह केला असेल, पण तिचं उत्तर ठरलेलं, "मला नाही बाबा तुझी ती पाल उडवायची!"

आता ती पाल समोर उडत होती. चित्र जुनंपानं, कडा सगळ्या चौकोनी. पाण्यात बुडालेलं एक शहर, त्यावरून संथ जाणारा निळा ड्रॅगन आणि त्याच्या पाठीवर करंगळीएवढा बंदूकवाला स्वार. ड्रॅगन आपल्या वाटेने आपोआप पुढे जायचा. आपण फक्त त्याला वरखाली करून खडक चुकवायचे आणि आडवं येईल त्याला गोळी घालायची. कोपऱ्यात एक हिरवी रेघ होती, तो ड्रॅगनचा जीव. आणि पंखांचा आवाज... ओली चादर झटकावी तसा. ताईला ते सगळं आवडलं आणि आवडलं म्हणूनच रडू आलं. इतकी वर्षं हा हे एकटाच बघत होता.

पण खालचा बाण दाबला की ड्रॅगन वर जायचा आणि वरचा दाबला की खाली! धाकट्याने मुद्दाम तसं लावून ठेवलं होतं. विमान असंच उडवतात, म्हणायचा. तीनदा खडकावर आपटल्यावर ताई वैतागली. "हा काय उलटा कारभार!" म्हणत तिने सेटिंग शोधून काढलं आणि सरळ करून टाकलं. वर म्हणजे वर, खाली म्हणजे खाली.

तेवढ्यात धाकट्याला कुशीवर वळवायला सिस्टर आली. ताईने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात लावायला उठली.

"अहो, हे बघा... बोट हलतंय याचं!"

खरंच हलत होतं. डावा अंगठा चादरीवर दाबत होता. खाली... खाली... पुन्हा खाली.

"सोन्या! ऐकू येतंय ना तुला?" ताईला आनंदाने काही सुचेना. आणि मग तिची नजर टीव्हीकडे गेली.

कंट्रोलर टेबलावर तसाच होता. ड्रॅगन मात्र पाण्याकडे झेपावत होता. अंगठा एकदा दाबला की तो हातभर खाली. हिरवी रेघ भराभर आखडत होती.

"सिस्टर... त्याच्या उशाच्या यंत्रावरचा हा आकडा का उतरतोय?"

सिस्टरने यंत्राकडे पाहिलं. "श्वास कमी पडतोय... थांबा, डॉक्टरांना बोलावते." ती पळाली.

खोलीत वास सुटला. इस्त्री कापडावर विसरून राहावी तसा. मग ताईच्या लक्षात आलं. धाकटा वर यायला बघत होता. त्याच्या सवयीने, खालचा बाण दाबून, जिवाच्या आकांताने वर यायला बघत होता. आणि ते सेटिंग तिने, तिच्या हातांनी फिरवून ठेवलं होतं.

तिने कंट्रोलर ओढला. घाईत दोनदा भलतंच पान उघडलं. "थांब रे... थांब राजा... करते..." सेटिंग पुन्हा उलटं झालं. ड्रॅगनचं पोट पाण्याला टेकलं, पंख फडफडले आणि तो वर उचलला गेला. उंच, आणखी उंच. डॉक्टर धावत आले तेव्हा धाकट्याने डोळे उघडले होते.

मग काय विचारता! डॉक्टर बॅटरी मारून डोळे बघून गेले, सिस्टरने उशी लावून त्याला बसवलं. दोन्ही हातांत पेला धरून तो घोटघोट पाणी पीत होता. ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिला धाप लागली होती. धावपळच तशी झाली, तिला वाटलं.

पंखांचा आवाज अजून येत होता.

कंट्रोलर टेबलावर होता. धाकट्याचे दोन्ही हात पेल्यावर होते. आणि टीव्हीवर ड्रॅगन खाली चालला होता.

ताईने मांडीकडे पाहिलं. तिचा डावा अंगठा साडीवर दाबत होता. वर... वर... वर. तिने तो उजव्या मुठीत घट्ट धरला. तो मुठीतही दाबतच राहिला. तिला श्वास पुरेना. तो जळका वास पुन्हा आला.

धाकट्याने टीव्ही पाहिला आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा हसला. "अगं ताई... खालचा बाण... उलटं असतं ते..."

तिने खाली दाबायचं ठरवलं. अंगठ्याने ऐकलं नाही. सेटिंग फिरवायला कंट्रोलरकडे हात नेला, तो टेबलापर्यंत पोचलाच नाही. हिरवी रेघ पेराएवढी उरली.

"उठला ना आता भाऊ? मग बंद करू या हे," सिस्टर कौतुकाने म्हणाली आणि तिने गेमच्या बटणाकडे हात नेला. नको म्हणायला ताईने तोंड उघडलं, पण आवाज फुटायला छातीत हवाच नव्हती.