गालाच्या आतली कोरड

तो चुकून माझ्या खोलीत शिरला. शोधत होता एक्स-रेची खोली... आणि मी लाळेच्या तपासणीसाठी धडधाकट तरुणांची वाट बघत बसलेली! मी खुर्ची दाखवली, “आ करा” म्हटलं, गालाच्या आत इवलीशी वाटी बसवली आणि जिभेवर लिंबाचा थेंब सोडला.

वाटी कोरडीच.

“घाबरलात का?” मी वाटी काढली.

तो हसला. “घशात गाठ होती, बाई. किरणांचे उपचार झालेत. ही विहीर आटलीय.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

“अहो, जाऊ द्या! पण दिवसभर लोकांची थुंकी झेलायची... जमतं कसं?”

“पगारच त्याचा मिळतो.”

तो इतका मोकळा हसला की ठसकाच लागला. मी पाणी दिलं.

पुढे त्याच्या डॉक्टरांनीच त्याला दर आठवड्याला लाळ मोजायला माझ्याकडे पाठवलं. तो शाळेत इतिहास शिकवायचा. आता दोन वाक्यांतच जीभ टाळूला चिकटायची. मी समजावलं — गालातल्या ग्रंथींची लाळ पाण्यासारखी पातळ, घास तोंडात आला की धावून येणारी. जिभेखालची घट्ट, चिकट. जबड्याखालची दोन्हींच्या मधली; आपण गप्प असतानाही तोंड ओलं ठेवते ती बहुतेक तीच.

“तुमची ती जबड्याखालची थोडी वाचलीय.”

“म्हणजे गप्प बसलो तर निभेल?”

“तुम्ही? गप्प?”

त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि खरंच गप्प बसला. नजर मलाच खाली घालावी लागली.

महिने गेले. घोट घोट पाणी पीत तो पुन्हा वर्गावर जाऊ लागला. गाल मात्र कोरडाच राहिला. शेवटची तपासणीही तेच सांगून गेली.

“आता येणार नाही मी,” तो दाराशी जाऊन म्हणाला. “या खोलीची सवय लागलीय. मोडायला हवी. गाठ परत येणार नाही, असं कुणी लिहून देत नाही.”

“मी मागितलंय का लिहून?”

त्याचा हात कडीवरच राहिला. “माझं तोंड कायमचं कोरडं —”

“ते मीच मोजलंय ना?”

मी हातमोजे काढले. इतके दिवस रबराआडून धरलेला त्याचा गाल पहिल्यांदाच उघड्या हाताला लागला. उबदार, जरासा खरखरीत. त्याने डोळे मिटले.

“आई विचारेल, मुलगा कसा आहे?” मी हळूच म्हटलं.

“सांग... घाबरट आहे.”

“मीही आहे,” मी म्हणाले, आणि हात काढला नाही.