खिळ्यावरचे दोन पाइप

"उतरा सगळे. आणि बॉनेटला कोणी हात लावायचा नाही," आजोबा म्हणाले.

सुट्टी लागून दहाच दिवस झाले होते आणि रोपवाटिकेची पिकअप रस्त्यात बंद पडायची ही तिसरी वेळ. पुढून वाफ निघत होती, मागे गुलाबाची चाळीस रोपं माना टाकून उभी होती, आणि मुंगी, वकील व भोंगा रस्त्याकडेच्या कठड्यावर ओळीने बसले होते. मुंगी बारा वर्षांची, पण दिसायची नऊची, म्हणून मुंगी. वकील तिचा मोठा भाऊ. ताटात भाजी वाढली तरी तो पुरावा मागायचा. भोंगा हा काकांचा धाकटा. त्याला गुपित सांगणं आणि दवंडी पिटणं यात फारसा फरक नव्हता.

काका स्कूटरवरून आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"बाबा, आजपण पाणी भरायला विसरलात ना?"

"भरलं होतं रे. सकाळीच. कूलंट आणि पाणी, अगदी काठोकाठ."

"मग गेलं कुठे? गाडीखाली बघा, एक थेंब नाही. गळत असतं तर ओल दिसली नसती? आणि मिस्त्रीने गेल्या महिन्यात सगळे पाइप बदललेत."

आजोबांनी वाकून गाडीखाली पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत होती. 

"किल्ली द्या," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं. "आजपासून गाडी मी चालवीन. रविवारी भंगारवाला येईल. आज पाणी विसरलात, उद्या ब्रेक विसराल."

बावीस वर्षं ती किल्ली आजोबांच्या खिशात होती. ती काढून देताना त्यांना खिसा सापडेना.

 त्या संध्याकाळी मुंगी रोपवाटिकेत गेली. हिरव्या जाळीखाली आजोबा पालथ्या क्रेटवर बसले होते. समोर मातीचा ढीग, शेजारी रिकाम्या पिशव्या, आणि हात मांडीवर नुसते पडलेले. डाव्या तळहातावर निळ्या शाईने काहीतरी लिहिलं होतं. मुंगीने वाकून वाचलं. 'पाणी भरले. सकाळी सात.'

"आजोबा, हे कधी लिहिलंत?"

"सकाळीच. हल्ली रोज लिहितो. वाद नको म्हणून." ते हाताकडे बघत राहिले. "पण आता मलाच कळत नाही बघ. खरंच भरलं होतं, की नुसतं लिहिलं?"

 मुंगीला गाडी भंगारात जाण्याचं दुःख होतंच, पण आजोबांचा स्वतःवरचा विश्वासच भंगारात निघाला होता, आणि ते तिला सहन होईना.

तिघांची सभा खतांच्या पोत्यांमागे भरली.

"शक्यता दोनच," वकील म्हणाला. "एक, आजोबा विसरतात. दोन, पाणी कुठेतरी जातं."

"तीन, कोणीतरी पितं," भोंगा म्हणाला.

"तू गप्प बस. मुंगे, खरं सांगायचं तर आजोबा विसरतात. परवा चष्मा डोळ्यांवर होता आणि चष्माच शोधत होते."

"मला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली," मुंगी हळूच म्हणाली. "असू दे. बाकीचं विसरत असतील. मला फक्त पाण्याचं कळायला हवं. उद्या पाणी आपणच भरायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना तिघांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. हिरवं कूलंट आणि पाणी काठोकाठ भरलं, झाकण घट्ट लावलं. वकिलाने त्यावर कागदी टेप आडवी चिकटवली आणि टेपवर तिघांनी सह्या केल्या. भोंग्याने सहीखाली फूलही काढलं. त्याला ताकीद दिली होती की, काकांना अवाक्षर सांगितलं तर उरलेली सुट्टी त्याने एकट्याने खेळायचं.

थोड्या वेळाने काका रोपं घेऊन निघाले. "आम्ही उतरवायला मदत करू," असं म्हणत तिन्ही पोरं चढली. काकांनी बॉनेट उघडून पाहिलंही नाही. ज्याने बापाला विसरभोळा ठरवलं होतं, तोच पाणी बघायला विसरला, हे वकिलाने मनात टिपून ठेवलं. भोंगा तोंडावर हात दाबून बसला होता.

"याला काय झालंय?" काकांनी विचारलं.

"दात दुखतोय," मुंगी म्हणाली.

चढण अर्धी झाली आणि साखर करपल्यासारखा गोडसर वास आला. पाठोपाठ तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चाकांना दगड लावले. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

"आज पाणी कोणी..." काका एवढंच बोलले आणि थांबले. आज बोट दाखवायला आजोबा नव्हते.

"आम्ही भरलं, काका," वकील म्हणाला. "झाकणावर टेप आहे, टेपवर सह्या आहेत. गार झालं की बघा."

गार व्हायला तासभर लागला.  टेपच्या कडा सुटल्या होत्या, पण ती फाटली नव्हती. काकांनी जाड फडकं धरून झाकण उघडलं. काठोकाठ भरलेलं पाणी वीतभर खाली गेलं होतं. गाडीखाली मात्र थेंब नव्हता.

मुंगी पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. इंजिनच्या मागून सायलेन्सरचा पाइप जात होता. त्याच्यावर एका जागी पांढरट हिरवी खरपुडी साचली होती, थरावर थर. तिने वर पाहिलं. बरोबर त्याच्यावर, अंधाऱ्या कोपऱ्यात, एक आखूड वाकडा रबरी पाइप होता. क्लिपजवळ तो फुगला होता. तिने हात घालून दाबला तर तो पिकलेल्या फळासारखा दबला आणि बोटं ओली झाली.

"काका, पाणी गळतं," ती खालूनच म्हणाली. "पण गाडी तापल्यावरच. आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडून तिथेच उडून जातं. जमिनीपर्यंत पोचतच नाही."

"पण सगळे पाइप बदललेत," काका म्हणाले. या वेळी ते स्वतःलाच सांगत होते.

गाडीत ठेवलेल्या डब्यातलं पाणी भरून, उतारावरून हळूहळू ते मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये पोचले. काकांनी तिथून आजोबांना निरोप पाठवला. मिस्त्री जाडजूड आणि भला माणूस. त्याला त्याच्या गुरूने एक शिस्त लावली होती. काढलेला जुना भाग महिनाभर फेकायचा नाही. गाडीचा नंबर खडूने भिंतीवर लिहायचा आणि त्याखालच्या खिळ्याला तो भाग अडकवून ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला शंका राहत नाही.

"मिस्त्रीकाका, आमच्या गाडीचे किती पाइप बदललेत?" मुंगीने भोळा चेहरा करून विचारलं.

"सगळे."

मुंगी भिंतीजवळ गेली. पिकअपचा नंबर होता. खाली खिळा होता. खिळ्याला दोन पाइप होते.

"मी इंजिनाला पाच मोजले," ती म्हणाली. "दोन मोठे नवे आहेत. मागचे तीन बारके तसेच आहेत."

मिस्त्रीने खिळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पंजाकडे. "सगळे म्हणजे... दिसतात ते सगळे. मागे माझा हात जात नाही."

त्याच्या या एका शब्दापायी एका माणसाने दहा दिवस स्वतःला विसरभोळा ठरवून घेतलं होतं.  दारात आजोबा येऊन उभे होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते पुढे आले. दोन पाइप त्यांनी खालून चिमटीत दाबून पाहिले, वाकडा मुंगीला दाबायला लावला. "हा लाकडासारखा कडक झालाय. हा मऊ पडलाय. आणि हा तर क्लिपपाशी फुगलाय. तिन्ही काढा."

खाली घमेलं ठेवून पाणी काढलं. मिस्त्री खालून पहिला पाइप पिळून ओढायला लागला तसे आजोबा म्हणाले, "पिळू नका. नळीचं तोंड तुटेल. उभा चिरा." पाइप चिरल्यावर आत भेगाच भेगा दिसल्या. नळ्यांची तोंडं घासून साफ झाली. मिस्त्रीने नवा पाइप पुढे केला.

"थांबा. क्लिप?" आजोबा म्हणाले.

मिस्त्री क्लिप चढवायची विसरला होता. भोंगा इतका वेळ गप्प होता, पण आता त्याला राहवलं नाही. "मिस्त्रीकाका, तुम्ही पण हातावर लिहून ठेवत जा."

कोणी हसलं नाही. आजोबांनी मूठ मिटली. भोंग्याचा चेहरा पडला.

शेवटचा वाकडा पाइप मुंगीने बसवला. तिचाच हात तिथे जात होता. कोपरापर्यंत हात घालून ती आंधळेपणाने चाचपत होती आणि आजोबा बाहेरून सांगत होते, "अजून आत. आता क्लिप काठाच्या अलीकडे. हां, आवळ." त्यांच्या आवाजात एकदाही अडखळ नव्हती. मग पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आतली हवा बुडबुडे होऊन निघून गेली, पातळी उतरली तशी आजोबांनी वरून भर घातली. झाकण लावून गाडी चढणीवर नेऊन आणली. काटा मधेच उभा राहिला.

"पोरीचा हात बारीक, आणि डोकंही जाड नाही," मिस्त्री खाली मान घालून म्हणाला. "चुकलं माझं."

काकांनी वकिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास. मी एकदा वाकून बघायला हवं होतं, ते तुम्ही बघितलंत." मग त्यांनी किल्ली आजोबांपुढे धरली. "बाबा, घरी तुम्हीच घेऊन चला. रविवारी कोणी येणार नाही."

आजोबांनी किल्ली घेतली. माफ केलं असं म्हणाले नाहीत. 

घरी आल्यावर ते नळावर बसले आणि त्यांनी साबणासाठी हाक मारली, ती आत्याच्या नावाने. मुंगीने नाव न सुधारता साबण आणून दिला. ते तळहात घासायला लागले. शाई रोजच्या रोज त्याच जागी गिरवलेली, ती सहजी निघेना.

"शाबास हो पोरी," ते म्हणाले, आणि बराच वेळ घासत राहिले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "मी पाणी भरत होतो ना गं?"

"रोज भरत होतात, आजोबा," मुंगी म्हणाली आणि तिने नळ थोडा मोठा केला.