सामानासह पादचारी

"तू आंधळा आहेस का रे?"

घंटाघर रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी मार्गिका करायची का, यावरच्या महापालिकेच्या भर सुनावणीत हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि नववीतल्या केतकी बोराडेनं तो थेट माइकवरून गणकला विचारला. गणक म्हणजे महापालिकेचा वाहनं मोजणारा यंत्रमानव. महिनाभर तो त्याच रस्त्याच्या चौकात उभा होता. आत्ताच त्यानं सांगितलं होतं, "रोजच्या सायकली, सरासरी एकोणचाळीस."

एकोणचाळीस! एकट्या शाळेच्या स्टँडवर चारशे सायकली लागायच्या, आणि बहुतेक सगळ्या याच रस्त्यानं यायच्या. मग बाकीच्या गेल्या कुठे?

सभागृहात मात्र टाळ्या पडल्या. "एवढ्याशा सायकलींसाठी रस्त्याचा काठ द्यायचा? मग गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे?" असं विचारणारे होते केतकीचेच बाबा. त्याच रस्त्यावर त्यांचं रंगांचं दुकान होतं. शेजारून आई 'बस खाली' म्हणून खुणावत होती.

केतकी बसणार कशी? ट्रकचा आरसा तिच्या वर्गमैत्रिणीच्या, सायमाच्या हँडलला घासून गेला, त्या दिवशीच सायमाच्या अम्मीनं तिच्या सायकलीला कुलूप घातलं होतं. "वेगळी मार्गिका झाली तर जा, नाहीतर गल्लीतल्या शाळेत नाव घालते," असं बजावलंही होतं. त्या शाळेत प्रयोगशाळाच नव्हती.

"माझे संवेदक (आजूबाजूचं टिपणारी यंत्राची इंद्रियं) ठीक आहेत," गणक शांतपणे म्हणाला.

"मग काल सकाळी मी तुझ्या नाकासमोरून गेले, ते?"

"पाहिलं. नोंद केली, सामानासह पादचारी."

"सामान? माझी सायकल सामान?"

"तुम्ही ती ढकलत होतात. मला दिलेली व्याख्या (कशाला काय म्हणायचं, हे ठरवणारा नियम) सांगते, माणूस सीटवर असेल तरच सायकल."

हशा पिकला. केतकीचे कान तापले.

"अरे, बसणार कशी सीटवर? एका अंगाला बस, दुसऱ्या अंगाला उभ्या गाड्या! चौक आला की आम्ही उतरतो नि जीव मुठीत धरून ढकलत जातो. भीती वाटते म्हणून उतरायचं, आणि उतरलो म्हणून तू आम्हाला मोजणारच नाहीस? मोज परत!"

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी मान हलवून परवानगी दिली. गणकच्या छातीवरचा दिवा लुकलुकला.

"साठवलेली चित्रं पुन्हा तपासली. ढकललेल्या धरून, रोजच्या सायकली सहाशे बारा."

केतकीनं माइक सोडला नाही.

"आणि सायमाची?"

"ती रस्त्यावर आलीच नाही. जे येत नाही, ते मला दिसत नाही. त्याला दबलेली मागणी (सोय नसल्यामुळे दिसत नसलेली लोकांची गरज) म्हणतात. ती चौकात उभं राहून मोजता येत नाही, घरोघर विचारावी लागते."

"निर्णय आठ दिवसांनी," बाई म्हणाल्या. "तोवर कुणी ती मोजून आणली, तर मी विचारात घेईन."

बाहेर पायऱ्यांवर बाबा कडाडले, "चारचौघांत बापाला तोंडघशी पाडलंस!"

"निदान त्या गणकला अहो-जाहो तरी करायचंस गं," आई पुटपुटली.

"बाबा, मीही चिडलेय, अजून! तुमच्या गाड्यांच्या जागेवरून आपण घरी भांडू, पोटभर. पण उद्यापासून आठ दिवस, शाळा सुटली की मी आणि सायमा दारोदार जाऊन विचारणार, मार्गिका झाली तर सायकल काढाल का? ठरलंय माझं. आणि पहिलं दार आपलं. रात्री जेवताना दोघांनी खरंखरं उत्तर द्यायचं, मी वही घेऊन बसणारे."